हत्तरसंग कुडल: गावानेच चालवलेली एक दिवसाची सहल

संक्रांतीच्या आदल्या रविवारी आम्ही सहाजण कुडलला जाऊन आलो. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. सहल चालवतात गावातलीच पोरं आणि बचत गटाच्या बायका. माणशी ६५० रुपये. त्यात मंदिर, संगम, हुरडा, जेवण सगळं आलं.

गेल्या वर्षी हायवेलगत एका ठिकाणी ९०० मोजून हुरड्याला गेलो होतो. तिथे डीजे, थर्माकोलच्या ताटल्या आणि गार झालेला हुरडा. ज्वारी कुणाच्या रानातली, हे वाढणाऱ्या पोरांना ठाऊक नव्हतं.

इथे आगटीशी बसलेल्या मावशींच्याच रानातली गुळभेंडी ज्वारी होती. कणीस आरात भाजून तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, की वाफाळते दाणे पुढ्यात. सोबत कुटलेली शेंगा चटणी. दुपारी भाकरी, गरगट्टा, धपाटे आणि घट्ट दही, तेही स्टीलच्या ताटात. पाणी माठातलं, प्लास्टिकची बाटली कुठेही दिसली नाही. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं. चुलीपाशी त्यांनी कानडीत सुरुवात केली आणि मावशींनी त्यांना उठूच दिलं नाही!

मला सगळ्यात भावला तो पडवीतला फळा. ६५० पैकी हुरडा-जेवणाचे ३८०, वाटाड्याचे १२०, साफसफाईचे ५० आणि गावनिधीचे १००, असं खडूने लिहिलेलं. संगमाच्या वाटेवरचे कचऱ्याचे डबे त्याच निधीतून आलेत. दिवसाला ३० च्या वर माणसं घ्यायची नाहीत, हेही गावानेच बैठकीत ठरवलंय. आमच्या मागून आलेल्या गाडीला त्यांनी हात जोडून पुढच्या रविवारची तारीख दिली. म्हणून फोन करूनच जा.

एक गोष्ट मात्र तातडीने सुधारायला हवी. बायकांसाठी एकच स्वच्छतागृह आहे आणि दुपारी तिथे पाणी नव्हतं. मी सांगितल्यावर एका ताईंनी वहीत लिहून घेतलं, दोन बादल्याही आणून ठेवल्या. पण म्हातारी माणसं घेऊन येणाऱ्यांनी हे धरूनच यावं.

भीमा आणि सीना मिळतात तिथे संगमेश्वराचं मंदिर आहे. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आमची पोरं तासभर बघत बसली. वाटाड्या बी.ए.ला शिकणारा मुलगा. संगमेश्वराच्या तुळईवरचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख त्याने अक्षरागणिक बोट फिरवून दाखवला. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. चौथी शिकलेल्या सासूबाई त्याच्यामागून एकेक अक्षर म्हणत होत्या. निघताना आम्ही गाडीत बसलो, तर त्या दिसेनात. एकट्याच परत आत जाऊन ती ओळ पुन्हा वाचून आल्या.