‘मीडिआ’ की ‘फिलॉक्टेटिस’?

विश्वासघातावरची एकच ग्रीक शोकांतिका वाचायची किंवा बसवायची असेल, तर माझ्या मते निवड युरिपिडीसच्या ‘मीडिआ’ (इ. स. पू. ४३१) आणि सोफोक्लिसच्या ‘फिलॉक्टेटिस’ (इ. स. पू. ४०९) या दोहोंतून करावी. अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत पहिलीला तिसरा, म्हणजे अखेरचा क्रमांक मिळाला आणि दुसरीला पहिला. पण त्या निकालावर आज विसंबण्याचे कारण नाही.

‘मीडिआ’मध्ये पडदा वर जाण्यापूर्वीच दगा होऊन गेलेला आहे. ज्या नवऱ्यासाठी, जेसनसाठी, मीडिआने बापाशी द्रोह केला, सख्ख्या भावाचा जीव घेतला आणि आपला देश कॉल्किस कायमचा सोडला, त्याने कोरिंथच्या राजकन्येशी लग्न केले आहे, आणि तिथला राजा मीडिआला मुलांसह हद्दपार करायला निघाला आहे. तिने गयावया करून मिळवलेली एका दिवसाची मुदत हेच नाटकाचे इंधन. जेसन ओशाळत नाही. आपल्यामुळे तिला रानटी मुलुखाऐवजी ग्रीसमध्ये राहायला मिळाले, असे तो तिलाच ऐकवतो. हा प्रवेश वाचताना संताप येतो, आणि युरिपिडीसला तोच हवा असावा, कारण पुढे ती पोटच्या दोन मुलांना मारते तेव्हा तिच्या बाजूने झुकलेला प्रेक्षक स्वतःच्याच सहानुभूतीत अडकतो.

‘फिलॉक्टेटिस’मध्ये जुना दगा आहेच: साप चावून चिघळलेल्या पायाची दुर्गंधी आणि आरडाओरडा सहन होईना म्हणून ट्रॉयच्या लढाईला निघालेल्या ग्रीकांनी फिलॉक्टेटिसला लेम्नॉस बेटावर टाकून दिले, त्याला दहावे वर्ष लागले आहे. नाटकाचा विषय मात्र नवा दगा आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत घडतो. हेराक्लिसने दिलेल्या त्याच्या धनुष्यावाचून ट्रॉय पडणार नाही, म्हणून ग्रीकांचा धूर्त सरदार ओडिसिअस हा अकिलिसच्या तरुण मुलाला, निओप्टोलेमसला, खोटे बोलायला शिकवून पुढे धाडतो. पोरगा थापा मारतो, म्हातारा त्याच्यावर मुलासारखी माया करतो आणि दुखण्याची कळ येताच धनुष्य विश्वासाने त्याच्याच हाती देतो. त्या वेदनेसाठी सोफोक्लिसने वाक्येसुद्धा धड ठेवलेली नाहीत. ओळीच्या ओळी नुसत्या कण्हण्याच्या आहेत. तेथून निओप्टोलेमसला स्वतःचीच शिसारी येऊ लागते आणि अखेर ओडिसिअसला न जुमानता तो धनुष्य परत करतो. फसवणाऱ्याचे मन आतून उसवत जाताना दाखवणे ‘मीडिआ’ला साधलेले नाही, तिला ते करायचेही नव्हते.

बसवणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. ‘फिलॉक्टेटिस’मध्ये एकही स्त्री-भूमिका नाही, कोरस म्हणजे गाणारा समूहही खलाशांचाच आहे, ज्या संस्थेत चांगल्या अभिनेत्री आहेत तिने हे नाटक घेणे म्हणजे हातचे सोडणे होय. एक वेळ मूल जन्माला घालण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, असे कोरिंथच्या बायकांना सांगणारी मीडिआ अशा अभिनेत्रीला पुरून उरेल. उलट दोनच कसदार नट आणि थोडी साधने असतील, तर एक गुहा आणि एक धनुष्य एवढ्यावर लेम्नॉस उभे राहते.

शेवट दोन्हीकडे वरून येतो. मीडिआ सूर्याच्या रथातून निसटते, यावर ॲरिस्टॉटलनेच आक्षेप घेतला आहे. मला तो पटत नाही, कारण मुलांची प्रेतेसुद्धा हाती न लागलेला जेसन खाली ओरडत राहतो ही शिक्षा रथावाचून इतकी कठोर झाली नसती. ‘फिलॉक्टेटिस’मध्ये देवरूप हेराक्लिस प्रकटून त्याला ट्रॉयला जायची आज्ञा देतो, तेव्हा नुकताच जिंकलेला विश्वास बाजूला पडल्यासारखा वाटतो.

तरीही वाचनासाठी एकच घ्यायचे असेल तर मी ‘फिलॉक्टेटिस’ घेईन. जहाजावर चढण्याआधी तो ज्या गुहेत कुजत पडला तिचा, झऱ्यांचा आणि समुद्राच्या गाजेचा निरोप घेतो, त्या काही ओळींसाठी.