घरी बनवलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर: आठ महिने वापरल्यावर

डिसेंबरात जोडी पूर्ण झाली, आता ऑगस्ट चाललाय, आणि आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये हे स्पीकर रोज तीन-चार तास तरी वाजतात, सकाळी आईची आकाशवाणी, रात्री माझं गाणं. आता बोलायला हरकत नाही. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आतल्या प्रत्येक ड्रायव्हरला (आवाज काढणाऱ्या भागाला) स्वतःचा वेगळा अ‍ॅम्प.

जाड आवाजाला सव्वापाच इंची वूफर, बारीक आवाजाला सिल्क डोम ट्वीटर, 18 एमएम एमडीएफचं 22 बाय 24 बाय 36 सेंमीचं बंद खोकं, आत साधारण 12 लिटर जागा. एडीएयू1701 चिपचा डीएसपी बोर्ड (आवाजावर आकड्यांनी प्रक्रिया करणारा) घेतला कारण त्याला दोन इनपुट आणि चार आउटपुट आहेत, दोन वूफर दोन ट्वीटर एकाच बोर्डावर भागतात. पुढे टीपीए3116 चे दोन स्टिरिओ अ‍ॅम्प बोर्ड आणि 24 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. बराचसा माल लॅमिंग्टन रोडवरून आणला, सगळं मिळून 13,200 रुपये झाले, मापं घ्यायचा माइक मात्र मित्राचा.

जाड आणि बारीक आवाज वेगळा करून वूफर-ट्वीटरला वाटून देतो तो क्रॉसओव्हर. लोक विचारतात पॅसिव्ह क्रॉसओव्हर का नाही केला. अहो, त्यात कॉइल आणि कपॅसिटर एकदा सोल्डर केले की एक गोष्ट बदलायची तर परत दुकान गाठा. इथे डीएसपीच्या सिग्मास्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलला की लगेच ऐकायला मिळतं, आणि ते फुकट आहे (फक्त विंडोज लागतं). मी 2500 हर्ट्झला लिंक्विट्झ-रायली प्रकारचा 24 डीबीचा (डेसिबलचा) उतार ठेवलाय, म्हणजे त्याखालचा आवाज वूफरला, वरचा ट्वीटरला. तो बरोबर बसलाय का हे बघायला ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडायच्या आणि माइकने माप घ्यायचं, दोघांचा आवाज एकमेकांना खोडतो, म्हणून ग्राफमध्ये 2500 च्या आसपास खोल खड्डा दिसला पाहिजे. पहिल्या रविवारी माझा खड्डा उथळ होता, डिले (आवाज किंचित उशिरा सोडणं) थोडा थोडा बदलत तिसऱ्या रविवारी ग्राफ विहिरीसारखा खाली गेला. मग वायरी सरळ केल्या आणि तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. जवारीचा तो झणकार एका जागेवरून येतोय असं पहिल्यांदा वाटलं, बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तबल्याच्या डग्ग्याचं सांगायचंच राहिलं. सुरुवातीला डग्गा पोकळ वाजायचा, घुमारा नाहीच. वूफर हलका आहे असं वाटून बदलायला निघालो होतो, पण दोष वूफरचा नव्हता. 22 सेंमी रुंदीच्या खोक्यात साधारण 500 हर्ट्झच्या खालचा आवाज खोक्याला वळसा घालून मागे पसरतो, समोर कमी पडतो. डीएसपीत खालच्या बाजूला 4 डीबी वाढवले (भिंत जवळ आहे म्हणून पूर्ण 6 नाही दिले) आणि डग्गा भरला. म्हणून माझं ठाम मत, महागड्या ड्रायव्हरवर पैसे घालण्याआधी नीट मापं घ्या.

आता त्रास. डीएसपी आणि अ‍ॅम्पला एकाच एसएमपीएसवरून वीज दिली तेव्हा ट्वीटरमधून बारीक शिट्टी यायची, रात्री शांततेत फार लागायची. डीएसपीला 5 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर दिला, शिट्टी गेली. हलकी सुसू अजून आहे, कान ट्वीटरला लावला तर ऐकू येते, दोन हातांवर नाही. चालू करताना ठप्प व्हायचं त्यासाठी प्रत्येक ट्वीटरला सिरीजमध्ये 22 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर आहे, तो कंटाळा करून टाळू नका, अ‍ॅम्पचं डीसी थेट ट्वीटरवर गेलं तर कॉइल जळते. आणि दुसऱ्या खोक्याला चार तारांचीच वायर न्या. तीन तारांत निगेटिव्ह कॉमन करायचा मोह होतो, पण या अ‍ॅम्पची निगेटिव्हसुद्धा चालती बाजू असते, म्हणजे तिच्यावरही सिग्नल असतो, दोन निगेटिव्ह एकत्र जोडल्या की शॉर्ट.

सगळ्यात वाईट वाटलं ते पावसाचं. बाहेरून छान रंग दिला, पण तळाच्या कापलेल्या कडा तशाच राहिल्या होत्या, जुलैत बोट फिरवलं तर कड बिस्किटासारखी फुगलेली. आवाजात फरक नाही, सांध्यातून हवाही जात नाही, तरी मन लागेना. सुताराशी बोललोय, दिवाळीआधी प्लायची खोकी करायची, ड्रायव्हर तेच, डीएसपीची सेटिंग तीच. फक्त प्लाय 18 एमएमचाच घ्यायचा आणि बाहेरचं माप तेच ठेवायचं, म्हणजे आतले 12 लिटर हलणार नाहीत.