कोब्रे अनुदान: नव्या संसर्गरोग संशोधकांसाठी किती कामाचे?

कोब्रे (जैववैद्यकीय संशोधन उत्कृष्टता केंद्रे) ही अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, योजना निधी कमी मिळणाऱ्या राज्यांतल्या विद्यापीठांसाठी आहे. 5-5 वर्षांचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात काही तरुण प्रकल्पप्रमुख निवडायचे, त्यांना स्वतःचे आर-01 (एनआयएचचे स्वतंत्र संशोधकासाठीचे मोठे अनुदान) मिळाले की त्यांची जागा नव्यांना द्यायची. ही साखळीच योजनेचा प्राण आहे, आणि ती खरोखर सुंदर आहे.

गाडी अडते ती वेळेपाशी. प्रकल्पप्रमुखाला निम्मा वेळ संशोधनासाठी हवा. विभागप्रमुखाने शिकवण्याचे तास कमी करण्याचे तोंडी आश्वासन दिले तर ते पहिल्याच सत्रात विरते. लेखी घ्या. क्षयाच्या जंतूंवर काम असेल तर बीएसएल-3 (घातक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेचे) प्रशिक्षण आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधीच सुरू करा, नाहीतर पैसे आले तरी हात बांधलेलेच.

मार्गदर्शनात सर्वाधिक फळ अर्जाच्या तालमीचे. आधी एका पानाचे उद्दिष्टपत्रक तपासा, ते पक्के झाल्यावरच 12 पानी आराखडा लिहायला घ्या. परीक्षक बाहेरचे हवेत. घरचे लोक मऊ बोलतात.

उणीव एकच, पण मोठी: सामायिक उपकरणकक्षाचे वापरशुल्क उशिरा ठरवले, तर तिसऱ्या टप्प्यानंतर अनुदान संपताच तो बंद पडतो.