८×४२ दुर्बीण : उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात फिरणाऱ्यानं दुर्बीण घ्यावी का, आणि घ्यावी तर कुठली, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. उन्हाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या माझ्या ८×४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग ४२ मिलिमीटर रुंद असलेल्या) दुर्बिणीनं आता पावसाळाही काढलाय, तेव्हा सविस्तर लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: आपल्या रानासाठी आठ पटीचीच घ्या, दहाच्या मोहात पडू नका.

कारण आपलं रान दाट. पक्षी बऱ्याचदा तीस-चाळीस फुटांवरच असतो, पण पानांआड, आणि सकाळी उशिरापर्यंत झाडीखाली उजेड बेताचाच. ४२ मिलिमीटरच्या भिंगाला ८ नं भागलं की ५.२५ येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत पोचतो. त्याच भिंगाला दहा पट लावली की झोत ४.२ वर येतो. भर उन्हात हा फरक जाणवत नाही, झाडीत चांगलाच जाणवतो. शिवाय दहा पटीत हाताची थरथरही मोठी दिसते आणि नजरेचा आवाका सहसा कमी होतो. पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो.

दुर्बिणीचा कस लागला मे महिन्याच्या शेवटी. निपाणीहून चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. सकाळी जीप सफारी, मग अणशी राष्ट्रीय उद्यान बघून रात्री परत, असा बेत. अणशीला उद्यानाचा दर्जा १९८७ सालचा. दांडेली अभयारण्यासह आता ते काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. आदल्या रात्री वळवानं झोडपलं. रामनगर सोडून जगलबेट गाठतोय तोवर फोन आला: आत वाटेवर झाडं पडलीत, आज सफारी नाही. अणशीकडच्या रस्त्यावरही झाड आडवं. सफारीचे पैसे परत मिळवताना जो मनस्ताप झाला तो वेगळाच. धाकट्याचा चेहरा पार उतरला. "काका, मग काळा बिबट्या?" एवढंच तो विचारत होता. इथं काळा बिबट्या असतो, हे त्यानं आठवडाभर घोकलं होतं.

गणेशगुडीच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "जीप कशाला पाहिजे? त्या नांद्रुकावर बघा की, सकाळपासून कालवा चाललाय."

नांद्रुक फळांनी लगडला होता. नुसत्या डोळ्यांना वरती काळं-पांढरं काहीतरी हलताना दिसत होतं. दुर्बीण लावली तर मलबारी कवड्या धनेशांचा थवा, आणि वरच्या फांदीवर राज धनेशाची जोडी! चोचीच्या अगदी टोकात फळ धरायचं, मान मागे टाकून ते घशात उडवायचं, की लगेच दुसरं. एवढ्या थोराड चोचीनं इवलंसं फळ न चेंगरता उचलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नराचं बुबुळ लालभडक, मादीचं पांढरट. हा फरक पुस्तकात वाचला होता. त्या दिवशी चहाचा पेला हातात असताना दिसला.

धाकट्याला आधी सगळं दोन-दोन दिसत होतं. बिजागरी मिटवत मिटवत त्याच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवली, उजव्या डोळ्याचं कडं फिरवलं, आणि मग दुर्बीण काही त्याच्या हातून सुटेना. वहिनींनी चष्म्यासकट पाहिलं. डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवले की चष्मेवाल्यांनाही पूर्ण गोल दिसतो. दुपारपर्यंत आम्ही तिथंच होतो. पुढे एक शेकरूही दिसलं.

सफारीत जीप थांबेल तेवढाच वेळ आपला. दुर्बीण गळ्यात असली की कुठल्याही फळलेल्या झाडाखाली दिवस निघतो, म्हणून मी ती सफारीच्या खर्चापेक्षा मोलाची मानतो.

आता पावसाळ्याचं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला धो-धो पावसात ती वापरली. नळीत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आत वाफ धरली नाही. बाहेरच्या काचेवर मात्र श्वासानं आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या धुकं धरतंच, त्याला इलाज नाही; थोडं थांबायचं. ओल्या पट्ट्यासकट दुर्बीण पिशवीत कोंबून ठेवणं सर्वांत वाईट. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. घरी आलो की पंख्याखाली वाळवतो, मग रबरी कडीच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

खोटी म्हणाल तर आहेत. सोबत आलेला पट्टा फारच बारीक, तासाभरात मान अवघडते. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास आहे. खांद्यांवरून फुलीसारखा जाणारा पट्टा वेगळा घेतला तेव्हा सुख झालं. पुढची झाकणं सैल आहेत, ती मी दोऱ्यानं बांधलीत. पांढऱ्या आभाळासमोर बसलेल्या पक्ष्याच्या कडेला जांभळट रेघ दिसते. बारा हजारांच्या आत तेवढं मी चालवून घेतो.

विकत घेताना दुकानातल्या दिव्याखाली बघून ठरवू नका. दारात येऊन समोरच्या दुकानाची पाटी बघा, अक्षरं मधोमध आणि कडेला सारखी स्वच्छ दिसतात का ते. मग सावलीतला एखादा अंधारा कोपरा बघा. चष्मा असेल तर घालूनच बघा, आणि पोरं वापरणार असतील तर त्यांना सोबत न्या.