पिच करेक्शनच्या नावाखाली १८,२०० रुपयांना गंडवलं

पिच करेक्शन म्हणजे रेकॉर्ड झालेल्या गाण्यातला चुकलेला सूर सॉफ्टवेअरने जागेवर आणणं. ते करून देतो म्हणणाऱ्या एकाला सहा अभंग दिले, प्रत्येकी २,५०० प्रमाणे १५,००० रुपये. निम्मे आगाऊ, उरलेले 'काम झालंय, पैसे टाका, फाइल सोडतो' म्हटल्यावर. पैसे गेल्यावर आल्या एमपीथ्री, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइली. पूर्ण दर्जाची वेव्ह फाइल हवी तर आणखी ३,२००! तेही दिले, कारण तोवर १५,००० अडकले होते. रेकॉर्डिंग माझ्या ताईचं. काही ठिकाणी सूर किंचित उतरला होता, तेवढाच सावरायचा होता. "ऑटोमॅटिक काही नाही दादा, मेलोडाइनमध्ये एकेक स्वर हाताने लावतो," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मेलोडाइन या सॉफ्टवेअरमध्ये स्वर जागेवर आणून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) आणि कंप तसेच ठेवता येतात, म्हणून तर पैसे मोजले.

केलं काय? ऑटो-ट्यून हे आपोआप सूर लावणारं सॉफ्टवेअर क्रोमॅटिकवर (बाराही स्वर चालतील असं), रीट्यून स्पीड शून्य (आवाज क्षणात जवळच्या स्वरावर खेचला जाईल असा), आणि सहाही गाणी त्यातून काढली. ना पट्टी विचारली, ना राग. त्यातला एक अभंग भैरवातला आहे. मध्यमावरून कोमल रिषभावर येणारी मींड ताईने जीव ओतून घेतली होती. आता तिथे सुटे टप्पे ऐकू येतात: म, ग, कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे. भैरवात जो लागतच नाही तो कोमल गंधार! रिषभावरचं आंदोलन, म्हणजे स्वराचं संथ झुलणं, तर इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. ताईने अर्धाच अभंग ऐकला, हेडफोन काढून ठेवला आणि उठून गेली.

नमुना मागाल तर तुमच्याच आवाजाचा मागा, तोही मींड असलेल्या ओळीचा. त्याच्या 'आधी-नंतर' क्लिपवर जाऊ नका.

ती क्लिप आठवली की अजून संताप होतो. 'आधी'मध्ये बाई बेसूर, 'नंतर'मध्ये चोख. मागे माइकमध्ये शिरलेला तानपुरा. आणि बाईचा सूर उतरतो तिथे तानपुराही तिच्याबरोबर उतरतो! तानपुरा कधी गाणाऱ्याबरोबर घसरतो का? मूळ गाणं सुरेलच होतं, तेच मुद्दाम बिघडवून 'आधी' म्हणून लावलं होतं. तिथेच कळायला हवं होतं. पण अशी क्लिप ऐकताना कान आवाजाकडेच जातो, कोणाचाही जाईल. मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. अभिप्राय वाचले, बिल मागितलं, त्याने दिलंही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "फाइल मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद." सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे, "ओटीपी दिला होता का? नाही? मग हे आमच्यात बसत नाही." पेमेंट अॅपचं उत्तर, व्यवहार तुम्हीच केलात, तो यशस्वी आहे. मूळ आणि त्याने केलेली, अशा दोन्ही फाइली फोनवर घेऊन गेलो होतो. दहा सेकंद ऐका म्हटलं, एकानेही ऐकल्या नाहीत. सामान हरवलं असतं तर पंचनामा झाला असता, गाण्याची वाट लावली तर 'आवडलं नाही का?' असं विचारतात!

मूळ ट्रॅक कोणाला दिलात तरी प्रत आपल्याकडे ठेवा. आमची होती, म्हणून ताईचं गाणं वाचलं. हाताने काम करतो म्हणणाऱ्याकडे स्क्रीन रेकॉर्डिंग मागा, टाळाटाळ केली की फोन ठेवा. एक गाणं हातात आल्याशिवाय दुसऱ्याचे पैसे देऊ नका. बोलणं लेखी ठेवा. माझं निम्मं फोनवर झालं आणि आता तो सरळ नाकारतोय.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. याच माणसाने तुम्हालाही फसवलं असेल तर बिल आणि चॅट पुसू नका.