लांब शेपटी की छाटलेली?

वणीकडच्या आमच्या गावात वेल्डिंगच्या दुकानात वेगाच्या गाडीचा सांगाडा उभा झाला अन् वाद शेपटीवर अडला. पुतण्या म्हणे, "काका, मागून सपाट छाटून टाका ना!"

छाटलेली शेपटी 1930च्या दशकातल्या जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावानं ओळखली जाते. पत्रा कमी, वजन कमी. पण सपाट पाठीमागे कमी दाबाचे भोवरे राहतात, ते गाडीला मागं ओढतात. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट, त्याला लागणारी ताकद आठपट. मग थोडीशी ओढही महाग पडते.

लांब निमुळत्या शेपटीत हवा अंगाला चिकटून वाहते अन् टोकाशी हळूच एकत्र येते. अट एकच, उतार मंद हवा. हवा चिकटते का सुटते ते पाहायला आम्ही शेपटीवर कापसाच्या सुताचे तुकडे टेपनं चिकटवले, पोट्ट्यानं फटफटीवरून व्हिडिओ काढला. वरचं सूत सरळ, खालच्या कडेचं मात्र वेड्यासारखं फडफडत होतं. तिथंच उतार जास्त झालेला. शिवाय मागचा लांब भाग बाणाच्या पिसांसारखा गाडीला सरळ ठेवतो.

मी लांबच ठेवली. ट्रॉलीबाहेर निघते, म्हणून टोकाला लाल फडकं बांधतो.