करार रजिस्टर होता, पोलिसांत नोंद होती, तरी माझं घर भाडेकरूनेच हेवी डिपॉझिटवर दिलं

आधीच सांगून टाकते, म्हणजे 'करार केला नव्हता का?' हे विचारायचे तुमचे कष्ट वाचतील. केला होता. बायोमेट्रिकसकट रजिस्टर केला होता. १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५, अकरा महिने, भाडं २३,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. पोटभाडेकरू ठेवायचा नाही हे कलम त्यात होतं. पोलिसांच्या पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरली होती, सोसायटीची एनओसी घेतली होती, एजंटला महिन्याभराच्या भाड्याएवढी दलाली मोजली होती. एवढं करूनही जानेवारीत मला कळलं की घोडबंदर रोडचा माझा वन बीएचके माझ्या भाडेकरूने भलत्याच कुटुंबाला साडेसात लाखांच्या हेवी डिपॉझिटवर दिलाय, म्हणजे घर सोडताना परत मिळणारी मोठी रक्कम एकदम घ्यायची आणि दरमहा भाडं घ्यायचं नाही. आणि त्या कागदावर मालकीण म्हणून सही माझ्या नावाची.

हा धंदा ठाण्यात आणि नवी मुंबईत कोणाला नवीन नाही. मलाही माहीत होता. मालकाच्या खात्यात दरमहा भाडं पडतंय तोवर मालक गप्प, आणि आत राहणाऱ्याला भाडंच द्यायचं नाही म्हटल्यावर तो मालकाची चौकशी कशाला करतोय? दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्या भामट्याचं काम.

आमचा हा भामटा पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात लॉजिस्टिक्स कंपनीचं ओळखपत्र, बोलणं एकदम घरातलं. "ताई, मी महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. बहीण आणि दाजी राहतील, भाचीला इथल्या शाळेत घालायचंय." आता मला सांगा, समोरचा माणूस स्वतःचं आधार, पॅन, अंगठा सगळं देतोय, तर त्याच्या बहिणीचीही कागदपत्रं मागणारे तुमच्यात किती जण आहेत? मागा. राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार घ्या, करारात नावं घाला, आणि त्या माणसांना एकदा समोरासमोर बघा. वाईट दिसेल, दिसू दे.

ऑक्टोबरातली ती दुपार मात्र अजून माझं डोकं फिरवते. माझ्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटच्या छतात पाणी उतरत होतं, म्हणून प्लंबरला घेऊन मी गेले. दार एका बाईंनी उघडलं. मी म्हटलं, "मी मालकीण, लीकेजचं बघायला आलेय." "या ना वहिनी, तुमच्या छताला फार त्रास झाला का हो?" असं त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं बाईंचं बोलणं जरा गोंधळलेलं आहे. त्या मला खालच्या फ्लॅटची मालकीण समजत होत्या! मी त्यांना भाडेकरूची बहीण समजत होते. दोघी खूश. चहा झाला. ओट्याखाली बघते तर चकचकीत स्टीलच्या ट्रॉल्या, कप-बशांची वेगळी, ताटांची वेगळी, आणि एका कडेला कारागिराने प्लास्टिक अजून काढलेलंही नव्हतं. बाई कौतुकाने खेचून दाखवत होत्या. "मुलीची दहावी होईपर्यंत आता हलायचं नाही बघा."

अकरा महिन्यांच्या भाड्याच्या घरात स्वतःच्या खिशातून ट्रॉल्या कोण बसवतं? कोणी बसवत नाही. ट्रॉल्या बसवतो तो लाखांत पैसे गुंतवून आलेला माणूस. पण त्या वेळी भाडं पाच तारखेच्या आत येत होतं, घर आरशासारखं ठेवलेलं होतं आणि माझ्या स्वयंपाकघराला फुकटात ट्रॉल्या मिळत होत्या. अशा वेळी कोणता मालक पोलीस बनून उलटतपासणी घेतो? नवऱ्याला घरी येऊन सांगितलं तर तोही म्हणाला, "माणसं चांगली मिळाली."

नोव्हेंबरपर्यंत भाडं आलं. डिसेंबरचं नाही. फोन आधी 'मीटिंगमध्ये आहे', मग बंद. जानेवारीत गेले तर त्या बाईंच्या नवऱ्याने फाइलच पुढे टाकली. जुलै २०२४ चा नोटरी केलेला कागद, माझ्या फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), लाइट बिल, आणि माझ्या नावाचं, माझ्या पत्त्याचं आधार, फोटो दुसऱ्याच बाईचा. ती बाई मालकीण म्हणून नोटरीसमोर जाऊन बसली होती. पाच लाख बँकेतून एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यात, अडीच लाख रोख. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारा माणूस, बायकोचं सोनं गहाण ठेवून आलेला. तो म्हणाला, "पैसे परत मिळाल्याशिवाय आम्ही जाणार नाही." त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण ते पैसे मी खाल्लेले नव्हते.

'कागदपत्रं तुम्हीच दिली असतील' असं म्हणणाऱ्यांसाठी: इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या साइटवर शोधून कोणालाही काढता येतो. मी तिजोरीत ठेवून काय उपयोग?

आता पोलीस. ठाणे अंमलदारांनी पहिलं वाक्य ऐकूनच निकाल दिला, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." दुसरा प्रश्न, "मिस्टर नाही आले?" फ्लॅट माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, सही माझी खोटी केलेली, आणि यांना मिस्टर हवेत. साहेब बंदोबस्तावर. मग साहेब सुट्टीवर. मग ज्यांच्याकडे अर्ज होता त्यांची बदली. एफआयआर नाहीच, नुसता अर्ज, त्याच्यावर आवक शिक्का मारायलाही खळखळ. दुसऱ्या बाईला माझ्या नावाने उभं करणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९, फसवणूक ३१८, बनावट कागद ३३६, हे वकिलाने लिहूनच दिलं होतं. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय, तेही वाचून दाखवलं. उत्तर आलं, "मग सर्वोच्च न्यायालयातच जा ना."

आणि कळस ऐका. त्या कुटुंबानेही तक्रार दिली, त्यात 'घरमालकीण' म्हणून माझं नाव. त्यावर मात्र मला लगेच जबाबाला बोलावणं आलं! "तुम्ही आणि तो मिळालेले नाही कशावरून?" म्हणजे मी तक्रारदार असले की मामला दिवाणी, मी संशयित असले की फौजदारी. त्या दिवशी मला वाचवलं ते रजिस्टर कराराने आणि पोलीस नोंदणीच्या पावतीने. म्हणून नोटरीवर भागवू नका, हजार रुपये नोंदणी शुल्क आणि थोडी स्टॅम्प ड्युटी वाचवायला जाऊ नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकावरच आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करत बसायचं आपण.

आर्थिक गुन्हे शाखेत रक्कम लहान पडली. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं, "एनओसीत नाव त्याचं आहे, राहतं कोण हे बघणं आमचं काम नाही." मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस दर बिलात लावणं मात्र त्यांचं काम. वॉचमनला सगळं माहीत होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं म्हणे. तुम्ही विचारा. सणाला शंभर रुपये हातावर ठेवा आणि विचारा.

भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली घराचा ताबा मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, पण कराराची मुदत संपल्यावर. म्हणजे ३० एप्रिलपर्यंत आपल्याच घराच्या दारात उभं राहायचं. त्यानंतर घर ताब्यात मिळेपर्यंत भाड्याच्या दुप्पट भरपाई, महिना ४६,०००, कागदावर छान दिसते. मागायची कोणाकडे? जो नोटीस घ्यायलाही सापडत नाही त्याच्याकडे.

शेवटी त्या कुटुंबाला ५०,००० रुपये हातात ठेवले, वकिलासमोर लिहून घेतलं आणि जूनअखेर घर मोकळं करून घेतलं. "पैसे का दिलेस?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांनी माझा २७,४०० चा हप्ता एक महिना भरून बघावा. जाताना त्यांनी ट्रॉल्या उचकटून नेल्या, टाइल्सना भोकं पाडून. त्यांच्या होत्या, नेल्या.

हिशोब असा: सात महिन्यांचं भाडं १,६१,०००, त्यातून डिपॉझिट वजा जाता ८६,०००. थकलेलं लाइट बिल ११,२६०. वकील ४०,०००. त्या कुटुंबाला ५०,०००. एकूण १,८७,२६०. दलाली, मेंटेनन्स, हप्ते यात नाहीत.

भाडं नक्की कोणाच्या खात्यातून येतंय ते बघत जा. माझं दोन महिने वेगळ्याच नावाने आलं होतं, 'ऑफिसचं खातं' म्हणाला होता. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून घरात जा, आणि 'मी मालकीण' एवढंच म्हणू नका, कोणत्या फ्लॅटची तेही सांगा. पोलीस घेत नसतील तर लेखी तक्रार स्पीड पोस्टाने उपायुक्तांना पाठवा, पोचपावती जपा. तरी हलले नाहीत तर दंडाधिकारी. मी आता तिथे आहे, तारीख पडलीय.

मानपाडा, कोलशेत, कासारवडवली भागात कोणी फिरतीवरचा भाऊ 'बहीण-दाजी राहतील' सांगून तुमचं घर घेऊन गेला असेल, तर आजच जाऊन बेल वाजवा. आत दुसरंच कोणी निघालं तर कागद घेऊन मला गाठा. माझ्या एकटीचा अर्ज त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलाय. चार-पाच घरांचे अर्ज एकत्र गेले तर खणात मावणार नाहीत.